पुलाच्या तोंडाशी रस्ता का खचतो आणि पुराच्या पट्ट्यात भराव घालताना काय बघायचं

प्रश्न करवीर तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावातून, ग्रामपंचायत सदस्याकडून आला आहे. थोडक्यात असा: "गावाजवळून नवीन चौपदरी रस्ता जातोय. नदीवर मोठा पूल आणि त्याच्या दोन्ही अंगांना मिळून दोनेक किलोमीटर भराव, उंची सहा मीटरपर्यंत. जमीन काळी, उसाची. ठेकेदाराची माणसं म्हणतात, मुरूम टाकून रोलर फिरवला की झालं. पण बाकी ठिकाणी बघतो तर पूल शाबूत आणि पुलाला लागून रस्ता खचलेला, गाडी आपटते. शिवाय हा भराव पुराचं पाणी गावात तुंबवेल अशी भीती आहे. काम चालू असताना आम्ही काय बघायचं आणि काय विचारायचं?"

तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. पुलाकडे सगळे बांधकाम म्हणून बघतात. त्याला नकाशे असतात, सळई मोजली जाते, काँक्रीटचे क्यूब फोडून बघतात. भरावाकडे मात्र खड्डा बुजवल्यासारखं बघितलं जातं. खरं तर भरावालाही पाया असतो, ठरावीक माल लागतो, त्याच्या पोटातलं पाणी बाहेर काढावं लागतं आणि त्याच्या आडून जाणाऱ्या पाण्याला वाट द्यावी लागते. यातलं पहिलं चुकलं की पुलाच्या तोंडाशी दणका बसतो, शेवटचं चुकलं की गावात पाणी थांबतं.

आधी एक सांगतो. तुमच्या जागेचे बोअर (जमीन तपासायला घेतलेली खोल छिद्रं), पूरपातळी आणि मंजूर नकाशे बघितल्याशिवाय कुठलाही आकडा शेवटचा नसतो. खाली दिलेले आकडे केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमधले आणि आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) नियमांतले आहेत, काही ठिकाणी कामावर सर्रास वापरले जाणारे अंदाज आहेत. तुमच्या कामाच्या करारात काही वेगळं लिहिलं असेल तर तेच धरायचं.

कामाचा आवाका बघू. वर २६ मीटर रुंदी, उंची ६ मीटर आणि दोन्ही बाजूंना एकास दोन उतार धरला तर तळाची रुंदी ५० मीटर होते. म्हणजे एका मीटर लांबीला २२८ घनमीटर आणि किलोमीटरला जवळजवळ २ लाख २८ हजार घनमीटर दाबलेला माल. सगळीकडे पूर्ण उंची धरली तर दोन किलोमीटरला साडेचार लाखांच्या वर. सुटा मुरूम दाबल्यावर साधारण पाचवा हिस्सा कमी होतो, त्यामुळे १५ घनमीटरच्या हायवाने हा माल आणायचा तर ३८ हजारांच्या आसपास खेपा लागतात. २० सेंटिमीटरचा एक थर धरला तर सहा मीटरला तीस थर. यातला सातवा थर नीट दाबला नाही हे वरून कधीच दिसत नाही, म्हणून सगळी तपासणी थर झाकला जाण्यापूर्वीच व्हावी लागते.

सुरुवात पायापासून. सहा मीटर भरावाचं वजन खालच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण १२ टन येतं. उसाच्या शेतातली वरची १५ सेंटिमीटर माती, बुडखे आणि मुळ्यांसकट, काढूनच टाकायला हवी. बुडखे आत राहिले की कुजतात आणि तिथे पोकळी होते. ही सुपीक माती फेकायची नाही, दोन मीटरपेक्षा उंच ढीग न करता बाजूला साठवायची, नंतर भरावाच्या उतारावर गवत लावायला तीच लागते. त्यानंतर उघडी झालेली जमीन नांगरून, ओली करून, रोलरने दाबायची आणि मगच पहिला थर.

आपल्या भागात दोन गोष्टी हमखास निघतात. एक, जुन्या विहिरी. वरून हायवाने माल ओतून विहीर बुजवली तर आतला माल कधीच दाबला जात नाही आणि काही वर्षांनी वर गोल खळगा दिसतो. पाणी उपसून, गाळ काढून, खाली डबर आणि वर मुरूम, थराथराने भरत यावं लागतं. दुसरी, उपसा जलसिंचनाच्या पाइपलाइनी. नदीवरून शेतात पाणी नेणाऱ्या संस्थांच्या लाइनी भरावाखालून जाणार असतील तर त्या मोठ्या पाइपाच्या आतून किंवा मोरीतून नेल्या पाहिजेत. भरावाखाली गाडलेली लाइन गळायला लागली तर ते पाणी पायाची काळी माती वर्षभर भिजवत ठेवतं आणि दुरुस्तीला रस्ता फोडावा लागतो. गावातल्या कुणाच्या लाइनी कुठून जातात हे ठेकेदाराच्या सर्व्हेअरला कळायला मार्ग नसतो. ही यादी तुम्हीच करून लेखी द्या, चेनेजसकट, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून किती अंतरावर तेही लिहून.

आता काळ्या मातीचं. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. एका बाजूला पाटाचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं रान असेल तर भरावाच्या दोन कडा वेगवेगळ्या हलतात आणि रस्त्याच्या कडेने लांबच लांब उभी भेग जाते. भरावाचा माल म्हणून अशी माती चालते की नाही हे फ्री स्वेल चाचणीवरून ठरतं. चाळलेली दहा दहा ग्रॅम वाळलेली माती दोन उभ्या नळ्यांत घ्यायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल भरायचं आणि चोवीस तासांनी आकारमान बघायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमध्ये १० आणि पाण्यात १६ मिलिलीटर भरली तर फुगवटा ६० टक्के. हा आकडा ५० च्या वर गेला की ती माती भरावात चालत नाही. ५० च्या आत असली तरी सबग्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या थरांखालच्या वरच्या ५० सेंटिमीटरमध्ये, आणि त्याच्याखालच्या आणखी ५० सेंटिमीटरमध्ये ती टाकायची नाही.

भरावाखाली मूळची काळी किंवा मळीची जमीन किती खोल आहे हा प्रश्न वेगळा आणि जास्त महत्त्वाचा. दीड-दोन मीटरवर घट्ट मुरूम लागत असेल तर वरची माती काढून मुरूम भरणं सोपं. जास्त खोल असेल तर पाणी काढणारा वाळूचा किंवा खडीचा थर घालून टप्प्याटप्प्याने भराव चढवणं, मातीत उभे निचरा-पट्टे घालणं, असे मार्ग घ्यावे लागतात. इथे बोअर कुठल्या महिन्यात घेतले ते जरूर विचारा. मार्चमध्ये हीच माती पहारीला दाद देत नाही आणि सप्टेंबरमध्ये तिच्यात पाय रुततो. उन्हाळ्यातल्या नुसत्या खड्ड्यावरून जमीन मजबूत आहे असं ठरवलं असेल तर ती माहिती अपुरी आहे.

"मुरूम टाकला की झालं" हे वाक्य अर्धवट आहे. मुरूम एकाच जातीचा नसतो. डोंगराच्या एका कापातून चांगला, कणीदार माल निघतो आणि त्याच कापात पुढे चिकण मातीचा पट्टा लागतो. तीन मीटरपेक्षा उंच किंवा बरेच दिवस पाण्यात राहणाऱ्या भरावासाठी मालाची प्रयोगशाळेतली कोरडी घनता घनमीटरला निदान १६ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १.६३ टन हवी. सबग्रेडसाठी १७.५ किलोन्यूटन. दगड भरावात ७५ मिलिमीटरपेक्षा मोठा नको, सबग्रेडमध्ये ५० पेक्षा मोठा नको. फूटभर डबर मधे राहिलं की रोलर त्या दगडावर टेकतो आणि आजूबाजूचा माल सुटाच राहतो. पुढे पावसाचं पाणी बारीक माल त्या पोकळीत ओढून नेतं.

घनतेचा खरा घोळ प्रॉक्टरमध्ये होतो. प्रॉक्टर म्हणजे एका मालाला किती पाणी घातलं की तो जास्तीत जास्त किती दाबला जातो, याची प्रयोगशाळेतली चाचणी. भरावाचा प्रत्येक थर त्या जास्तीत जास्त घनतेच्या निदान ९५ टक्के आणि सबग्रेड ९७ टक्के दाबला गेला पाहिजे. खाण बदलली की प्रॉक्टर नव्याने करायला हवा, आणि तो केला जात नाही. समजा जुन्या मुरमाची कमाल घनता १.८० होती आणि नव्या खाणीच्या मुरमाची १.९५ आहे. थरावर वाळूच्या पद्धतीने, म्हणजे थरात छोटा खड्डा करून त्यात वाळू भरून मोजण्याच्या पद्धतीने, चाचणी घेतली, १.७७ आली. जुन्या आकड्याने भागलं तर ९८ टक्के, थर पास. नव्या आकड्याने भागलं तर ९१ टक्के, थर नापास. चाचणी खरी, कागद खरा, तरी रस्ता बसणार. म्हणून रिपोर्टवर माल कुठल्या खाणीचा आणि त्या खाणीचा प्रॉक्टर कुठल्या तारखेचा, हे दोन्ही लिहिलेलं असलंच पाहिजे. मी कुठलाही घनतेचा रिपोर्ट हातात घेतला की टक्के नंतर बघतो, आधी हे बघतो.

पाण्याचा हिशेबही सोपा आहे. माल खाणीतून ७ टक्के ओलाव्याने येतो आणि दाबायला १२ टक्के लागतो असं धरा. तर दर घनमीटरला साधारण ९५ लिटर पाणी. बारा मीटर रुंद, पन्नास मीटर लांब आणि वीस सेंटिमीटरचा थर म्हणजे १२० घनमीटर, म्हणजे बारा हजार लिटरचा जवळजवळ पूर्ण टँकर, तोही एप्रिलमधल्या उन्हात उडणारं पाणी सोडून. तुमच्या समोर अर्ध्या किलोमीटरच्या थराला दोनच टँकर लागले असतील तर थर कोरडा दाबला आहे, एवढं सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. पाणी वरून शिंपडून लगेच रोलर फिरवला तर नुसता वरचा पापुद्रा कडक होतो. ग्रेडरने किंवा डिस्कच्या अवजाराने माल उलटापालटा करून पाणी सगळीकडे सारखं करावं लागतं. उलट पाणी जास्त झालं तर रोलरखाली थर गादीसारखा हलतो. त्यावर कितीही फेऱ्या मारल्या तरी उपयोग नाही, थर उकरून वाळवूनच पुन्हा दाबायचा. योग्य ओलाव्यापेक्षा एक टक्का जास्त ते दोन टक्के कमी एवढीच मोकळीक असते.

थराची जाडी दाबून झाल्यावर साध्या रोलरला २० सेंटिमीटर, जड व्हायब्रेटरी रोलरला फार तर २५. आणि कडा. रोलर अगदी काठावर जाऊ शकत नाही, म्हणून भराव नकाशापेक्षा थोडा रुंद घालत आणायचा आणि शेवटी पोकलेनने तासून उतार काढायचा. आधी अरुंद घालून नंतर बाजूला माल ओतून उतार पुरा केला तर तो ओतलेला भाग पहिल्या मोठ्या पावसात घसरतो.

आता तुमच्या मुख्य तक्रारीवर, पुलाच्या तोंडावर. पुलाचा पाया बहुधा कातळावर नाहीतर कातळात रुतवलेल्या पाइलवर असतो, तो जवळजवळ बसत नाही. भराव कितीही चांगला दाबला तरी स्वतःच्या उंचीच्या अर्धा ते एक टक्का बसतो, म्हणजे सहा मीटरला तीन ते सहा सेंटिमीटर. खालची जमीन बसते ते आणखी वेगळं. म्हणजे थोडा फरक पडणारच. काम असं करायचं की तो फरक रस्ता करण्याआधी बहुतेक होऊन जावा आणि उरलेला लांबीवर पसरावा.

प्रत्यक्षात उलट होतं. लांबचा भराव आधी पूर्ण होतो, पूल रेंगाळतो, आणि पूल संपला की मधला दहा-बारा मीटरचा खड्डा उद्घाटनाच्या घाईत भरला जातो. ॲबटमेंटच्या, म्हणजे पुलाच्या टोकाच्या भिंतीला लागून मोठा रोलर जात नाही, मागच्या कोपऱ्यात तर माणूसही नीट उभा राहत नाही. म्हणजे जिथे सगळ्यात चांगलं दाबायला हवं तिथेच सगळ्यात कमी दाबलं जातं, आणि बसायला वेळही तिथेच सगळ्यात कमी मिळतो.

स्पेसिफिकेशनमध्ये यावर स्पष्ट लिहिलं आहे. ॲबटमेंटच्या पाठीमागे रस्त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंतचा भराव हे वेगळं काम समजून करायचं. तुमच्याकडे ६ मीटरला १२ मीटर. काँक्रीट होऊन निदान १४ दिवस झाल्याशिवाय भिंतीला माल टेकवायचा नाही. बॉक्स मोरी असेल तर दोन्ही बाजूंनी बरोबरीने थर चढवायचे, एका बाजूला दोन मीटर आणि दुसरीकडे मोकळं असं कधीच नको, भिंतीवर एकांगी दाब येतो. माल इथे कणीदार आणि पाणी सोडणारा हवा, चिकण मुरूम नको. थर १० ते १५ सेंटिमीटरचेच, आणि दाबायला छोटा रोलर, प्लेट कॉम्पॅक्टर किंवा रॅमर. लांबचा भराव आणि हा भाग जिथे मिळतात तिथे सरळ उभा काप ठेवायचा नाही, पायऱ्या कापून नवा थर जुन्या थरात गुंतवायचा. "पाणी सोडून बसवून घेऊ" असं कुणी म्हटलं तर थांबवा. स्वच्छ वाळूत ते काही प्रमाणात चालतं. माती असलेल्या मुरमात पाणी सोडलं की माल मऊ होतो आणि भिंतीवरचा दाब वाढतो.

भिंतीच्या लगत ६० सेंटिमीटर जाडीचा दगड-खडीचा फिल्टर पूर्ण उंचीभर हवा. भिंतीकडे मोठे दगड, मातीकडे बारीक, म्हणजे पाणी निघतं आणि माती अडकते. भिंतीतून १०० मिलिमीटरच्या नळ्या, उभ्या-आडव्या साधारण मीटर-मीटरवर, बाहेरच्या बाजूला उतरत्या. या नळ्या काँक्रीट ओतताना सिमेंटच्या पाण्याने बुजतात. मागे भराव घालण्याआधी प्रत्येक नळीतून सळई घालून बघायची. नंतर ते कुणालाच करता येत नाही. पहिल्या पावसाळ्यात या नळ्यांतून स्वच्छ पाणी टपकत असेल तर काम बरोबर आहे. कोरड्या ठणठणीत असतील तर मागे पाणी साठत असण्याची शक्यता आहे. गढूळ, मातकट पाणी येत असेल तर फिल्टर चुकला आहे आणि भराव आतून धुपतोय. हे तर तुम्ही छत्री घेऊन जाऊन बघू शकता.

भिंतीवर टेकलेला ॲप्रोच स्लॅब निदान ३.५ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर जाड असतो, त्याखाली १५ सेंटिमीटर साधं काँक्रीट. त्याचं एक टोक पुलाच्या भिंतीवर आणि दुसरं भरावावर, म्हणजे भराव बसला की तो तिरका होतो. भरावाकडचं टोक पाच सेंटिमीटर बसलं तर ३.५ मीटरमध्ये उतारातला फरक सत्तरास एक पडतो आणि ऐंशीच्या वेगाला तो चांगला जाणवतो. साधारण दोनशेस एकपर्यंत फरक गाडीला सुसह्य असतो, म्हणजे ३.५ मीटरच्या स्लॅबला पावणेदोन सेंटिमीटर. म्हणूनच खाली मऊ जमीन आणि वर सहा मीटर भराव असेल तर मी सहा मीटर किंवा जास्त लांबीचा स्लॅब सुचवतो. स्लॅबच्या वाढीव लांबीचा खर्च दरवर्षी डांबर चढवण्यापेक्षा कमी असतो. आणि डांबराची टिगळं लावणं हा उपायच नाही, जादा वजनाने तो भाग आणखी बसतो.

याहून मोठा उपाय म्हणजे वेळ. शक्य असेल तर ॲप्रोचचा भराव पावसाळ्याआधी पूर्ण उंचीवर आणून, त्यावर मीटर-दीड मीटर जादा मुरूम वजन म्हणून ठेवून एक पावसाळा जाऊ द्यायचा. भरावाच्या तळाशी आणि माथ्यावर खुणेच्या प्लेटा बसवून दर आठवड्याला पातळी मोजायची. बसण्याचा वेग महिन्याला काही मिलिमीटरवर आला की जादा मुरूम काढून रस्त्याचे थर घ्यायचे. नोव्हेंबरमध्ये भराव, डिसेंबरमध्ये डांबर आणि जानेवारीत वाहतूक असा कार्यक्रम असेल तर पुढचा पावसाळा रस्ता दुरुस्त करण्यातच जाणार.

गावाजवळ जागा नसल्याने उताराऐवजी पॅनेलच्या उभ्या भिंती, म्हणजे आरई वॉल, दाखवल्या असतील तर मालाचा नियम आणखी कडक होतो. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा बारीक माल १५ टक्क्यांपेक्षा कमी आणि चिकटपणा जवळजवळ नाही. आजूबाजूचा साधा मुरूम बहुतेक वेळा यात बसत नाही. पुराचं पाणी चढणाऱ्या जागी तर मी ही भिंत शक्यतो टाळतो.

कारण पूर उतरताना जास्त धोका असतो. आपल्याकडे पाणी चढतं ते एका रात्रीत उतरत नाही. पंचगंगा खाली नरसोबावाडीला कृष्णेला मिळते, कृष्णा भरलेली असली की इथलं पाणी दिवसेंदिवस थांबतं. तेवढ्या वेळात भराव आतपर्यंत भिजतो. मग बाहेरचं पाणी उतरतं पण आतलं तितक्या वेगाने निघत नाही, बाहेरचा आधार गेलेला असतो, आणि उतार घसरतो. म्हणून पूरपातळीच्या वरपर्यंत ३० सेंटिमीटर दगडी पिचिंग, त्याखाली फिल्टर आणि पायथ्याला पक्की टो वॉल. पिचिंगच्या वर गवत किंवा वाळा. रस्त्यावरचं पाणी कुठूनही उतारावर सांडू न देता ठरावीक अंतरावर काँक्रीटच्या पन्हळीने खाली न्यायचं. आणि खडीचा जीएसबी थर, म्हणजे रस्त्याखालचं पाणी काढणारा थर, रस्त्याच्या पूर्ण रुंदीत उताराच्या कडेपर्यंत उघडा आणायचा. कडेला मातीची पट्टी घालून तो बुजवला तर रस्त्याच्या पोटात पाणी कोंडतं.

आता पाणी तुंबण्याचा प्रश्न. तुमची भीती रास्त आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती, हे जिल्ह्याने बघितलं आहे. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. अशा वेळी नदी नुसती पात्रातून वाहत नाही, सगळ्या रानातून वाहते. पात्रावर मोठा पूल बांधला आणि रानातला भाग भरावाने बंद केला तर रानातून येणारं पाणी वळून पुलाकडे यावं लागतं. मधल्या काळात वरच्या बाजूची पातळी चढते. या चढण्याला ॲफ्लक्स म्हणतात. नकाशावर वीस सेंटिमीटर किरकोळ दिसतं, सखल गावात तेवढ्यात घरांची एक अख्खी रांग पाण्यात जाते.

"मोऱ्या दिल्यात की" हे उत्तर मिळालं तर क्षेत्रफळ विचारा. १.२ मीटर व्यासाच्या एका पाइपाचं तोंड १.१३ चौरस मीटर. रानात तीन मीटर पाणी असताना ३० मीटरचे दहा गाळे खांबांवर उभे केले तर ढोबळमानाने ९०० चौरस मीटर वाट मिळते. तेवढी वाट पाइपांतून द्यायची तर आठशेच्या आसपास पाइप लागतील. शिवाय पंचगंगेत जलपर्णी असते, पुरात उसाचा पाला आणि मुळ्या वाहून येतात, पाइपाची तोंडं पहिल्याच दिवशी बुजतात. म्हणून पूररानात पाइपांपेक्षा मोठे बॉक्स, आणि जिथे पुराचं पाणी दोन मीटरपेक्षा खोल आणि वाहतं असतं तिथे भरावाऐवजी खांबांवरचे गाळे, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे दोन किलोमीटर खांबांवर घ्या असं मी म्हणणार नाही, खर्च कितीतरी पट होतो आणि उंच रानात त्याचा उपयोगही नसतो. किती लांबी घ्यायची हे पाण्याच्या गणितावरून ठरायला हवं.

त्या गणितात कुठली पूरपातळी धरली आहे, हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या. मोठ्या पुलासाठी शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरतात. अहवाल २०१९ च्या आधीच्या आकड्यांवर केला असेल तर तो नव्याने करून मागा. बंधाऱ्यावरची पातळी तुमच्या गावाला जशीच्या तशी लागू होत नाही. गावातल्या देवळाच्या, शाळेच्या, घरांच्या भिंतींवरच्या पुराच्या खुणा शोधा, वर्ष लिहा, फोटो काढा आणि प्रकल्पाच्या सर्व्हेअरकडून त्या खुणांची पातळी प्रकल्पाच्याच बेंचमार्कवरून, म्हणजे पातळीच्या पक्क्या खुणेवरून, मोजून घ्या. दहा खुणा अशा मोजलेल्या असतील तर डिझाइनच्या टेबलावर त्या टाळता येत नाहीत. सबग्रेडचा तळ या पातळीच्या निदान ०.६ ते १ मीटर वर असावा लागतो. पण नुसता रस्ता उंच करून घेतला आणि वाट वाढवली नाही तर रस्ता कोरडा राहील आणि गाव बुडेल, हे दोन्ही एकत्रच मागायचं.

मोरी कुठे आहे हेही बघा. जुना ओढा, लवण, चर जिथे आहे तिथेच ती हवी आणि तिचा तळ जमिनीच्या पातळीला हवा. अर्धा मीटर वर ठेवली तर तेवढं पाणी उसात तुंबून राहतं. जवळून जुना रस्ता जात असेल आणि त्याच्या मोऱ्या लहान असतील तर नव्या रस्त्याला दिलेल्या मोठ्या गाळ्यांचा फायदा तिथेच अडतो, दोन्हींची तोंडं समोरासमोर आणि सारखी हवीत. भरावाच्या पायथ्याला लागून माती काढून खड्डे करू देऊ नका, त्यात पाणी साठून पायाच मऊ होतो. शेतात जायच्या भुयारी मार्गातून उसाने भरलेली ट्रॉली जाते का, हे भरलेल्या ट्रॉलीची उंची मोजून ठरवा, आणि त्याचा तळ आजूबाजूच्या रानापेक्षा खाली नसेल हे नकाशावर बघून घ्या.

वर्षातले मातीकामाचे महिने आपल्याकडे नोव्हेंबर ते मे. मेअखेर उघड्या भरावाच्या माथ्याला दोन्हीकडे उतार दिलेला, दाबून बंद केलेला आणि तात्पुरत्या पन्हळी लावलेल्या असायला हव्यात. ॲबटमेंटच्या मागे अर्धवट भरलेला खड्डा जूनमध्ये उघडा राहिला असेल तर ऑक्टोबरमध्ये त्यात साठलेला गाळ पूर्ण काढल्याशिवाय पुढचा थर घालू देऊ नका.

कागद मागताना मोघम अर्ज करू नका. पुलाचा जनरल अरेंजमेंट नकाशा, बोअर लॉग तारखांसह, जलशास्त्रीय अहवाल, खाणीनिहाय प्रॉक्टर रिपोर्ट, थरांचा चेनेजनिहाय तक्ता आणि पातळी मोजणीच्या नोंदी, अशी नावं घेऊन लेखी मागा. आधी कामावरच्या देखरेख अभियंत्याकडे, नाही मिळाले तर माहिती अधिकारात.

तुमच्या जागेबद्दल नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील. भराव सुरू होतो आणि संपतो ते चेनेज, त्या लांबीत दर शंभर मीटरला जमिनीची पातळी, आणि २०१९ व २०२१ च्या मोजलेल्या पूरखुणा. एवढं पाठवलंत तर कुठल्या भागात भराव चालेल आणि किती लांबीत गाळे मागायचे, याचा ढोबळ हिशेब करून देतो.